अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना

दाना ओली, लष्कर
ग्वाल्हेर, १२ जुलै १९५६

चि. भालू,

अनेक आशीर्वाद. ते आधीच घेऊन ठेव. पुढे पत्रात माझा सूर बदलला, तर तेवढे तरी तुझ्या पदरात पडलेले असावेत.

चार वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र. संक्रांतीला तिळगुळाबरोबर 'गोड बोला' एवढं लिहून पाठवते, ते मी पत्रात धरत नाही. तुझ्याशी अबोला धरणं मला काही फारसं जमलं नाही. पण वर्गात चाळीस मुलींना गप्प बसवणाऱ्या बाईला स्वतःला गप्प बसता येत नाही असं व्हायला नको, म्हणून नेटाने धरला. आज सोडते. वनमालाला आशीर्वाद सांग. सुधाला म्हणावं, तुला एक आत्या आहे आणि ती फोटोत दिसते तेवढी रागीट नाही.

आम्ही जूनभर आग्र्याला होतो. नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवा डोळा गेला तो गेलाच. डाव्याने दारात कोणी उभं आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. तुला कळवायचं नाही असं त्यांनीच मला बजावलं होतं, आणि मग दवाखान्यात पोस्टमनची वेळ झाली की "कोणाचं काही आलं का?" म्हणून तेच विचारायचे. मी नाही म्हणायची. कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परत आलो तर समोरच्या शिवाजीरावांच्या कुमुदिनीचं लग्न उरकलेलं. आठवते ना कुमुद? तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत यायची आणि घंटी वाजवायचा हक्क आपलाच म्हणून भांडायची. उज्जैनचं स्थळ, लग्नही तिकडेच झालं. मंदाताई लाडू घेऊन आल्या. लेकीचं लग्न पार पडलेल्या आईचा चेहरा कसा असतो, तसा त्यांचा चेहरा होता. नानांनी लाडू हातात घेतला आणि विचारलं, "कधी लागलं?"

"ज्येष्ठात, द्वादशीला," मंदाताई म्हणाल्या. "तुमच्याच पंचांगातून तर तारीख काढली, नाना! हे म्हणत होते, एकदा नानांना विचारून घेऊ. मी म्हटलं, छापलेलं समोर आहे तर अजून काय विचारायचं? त्यांना वाईट लागेल."

नानांचा हात तसाच राहिला. "तेव्हा शुक्र कुठे होता?" मंदाताईंना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्या हसत हसत गेल्या.

शुक्र सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो त्या दिवसांत नाना लग्नाची तारीख देत नाहीत. साक्षीला चांदणीच नाही तर लग्न कसलं, म्हणतात. हे तुला मी सांगायचं? गच्चीवर नानांचे डोळे तूच होतास. अस्ताचा दिवस गणिताने काढला तरी "भालू, दिसतो का रे?" असं विचारल्याशिवाय ते कागदावर उतरवत नसत. तू "बुडाला" म्हणालास की मग दौत उघडायची.

मी देवघरातून पंचांग काढलं. पाडव्याला पूजा करून लाल कापडात बांधलेलं, ते तसंच होतं. आपल्या घरात छापील पंचांग कोणी कधी उघडलंय? नानांच्या डोक्यात सगळं, माझ्याकडे त्यांची हाताने लिहिलेली पानं. अख्खं लष्कर गाव जे पुस्तक बघून कामं ठरवतं, ते एक आपल्याच घरात कोणी बघत नाही. उघडलं, तर ज्येष्ठाच्या पानावर अस्ताच्या दिवसांत ओळीने लग्नाच्या तारखा. आम्ही तुमच्या छापखान्याकडे पाठवलेल्या पानांत त्यातली एकही नव्हती. आणि पानाच्या तळाशी चौकट: लग्नाचे शालू, शेले, सुमंगल वस्त्र भांडार, महाराज बाडा.

शेवटच्या पानावर 'तपासून मंजूर' असं छापलंय. त्याखाली सही कोणाची आहे ते मी नानांना वाचून दाखवलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

छापताना चूक झाली, एवढंच लिही. मी विश्वास ठेवीन.

तुझी
विमलताई


ग्वाल्हेर, ३० जुलै १९५६

चि. भालू,

पत्र मिळालं. वर 'सुमंगल मुद्रण कंपनी, इंदूर', खाली 'व्यवस्थापक'. बहिणीला लिहायला तरी साधा कागद घ्यायचास रे.

चूक झालेली नाही, 'वाचकांच्या सोयीसाठी' काही दिवस वाढवले, हल्ली बरीच पंचांगं असे गौण मुहूर्त देतात, असं तू लिहितोस. देत असतील. पण ती वर 'गौण' असं लिहून देतात. ज्याला चालेल त्याने घ्यावेत. तुम्ही ते नानांच्या तारखांत मिसळून, नानांच्या नावाने दिलेत. आणि वाचकांची सोय म्हणजे कोणाची? शेठजींच्या एका हातात छापखाना, दुसऱ्या हातात शालूंचं दुकान. तारखा वाढल्या की शालू खपतात, हे माझ्या चौथीतल्या मुलींनाही कळेल.

आता कुमुदचं ऐक. आषाढ म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आली. इकडे ती आली आणि तिकडे त्यांच्या भटजींनी दुसरं पंचांग उघडलं. सासूबाईंचा निरोप आलाय की लग्न अस्तातलं निघालं, श्रावणात सुनेला न्यायला यायचं की नाही ते विचार करून कळवू. मंदाताई घराबाहेर पडत नाहीत. पोर सारखी आमच्याकडे येऊन बसते. काल माझ्याबरोबर पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मावशी, सच्ची सांग, माझी शादी झाली की नाही? वो तो अच्छे हैं, चिठ्ठी भी लिखी उन्होंने. पण सासूबाई बोलावणार नाहीत तोवर त्यांचं काय चालणार?"

"झाली गं," मी म्हटलं.

"तो फिर नाना एक बार बोल दें ना, की मुहूर्त ठीक होता. त्यांचं सगळे ऐकतात."

तिथेच सगळं अडलंय, भालू. नाना खरं बोलले, 'ही तारीख माझी नव्हे' म्हणाले, तर कुमुदचं लग्न त्या घराच्या हिशेबी खोटं ठरतं. तिचं एकटीचं नाही. त्या दिवसांत आपलं पंचांग बघून ज्यांनी ज्यांनी मुली दिल्या, त्या सगळ्यांना सासरी हेच ऐकावं लागेल. आणि गप्प बसले तर शेठजी पुढच्या वर्षी पुन्हा हेच करणार. नानांना तोंड उघडता येणार नाही, हे छापायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं असेल. तुझ्या आलं होतं का?

मी कंपनीबरोबरचा पंचांगाचा करार घेऊन दिनकररावांकडे गेले. वकिलाने वाचून गंभीर व्हावं, तर हे वाचून हसायलाच लागले. एकही अक्षर बदलायचं नाही, असं करारात साफ लिहिलंय. बदललं तर घराच्या प्रतिनिधीने कंपनीच्या व्यवस्थापकाला नोटीस द्यायची. घराचा प्रतिनिधी भालचंद्र. कंपनीचा व्यवस्थापक भालचंद्र. "म्हणजे विमलताई, भालूने भालूला नोटीस द्यायची," ते म्हणाले. "आणि भालूने भालूचं ऐकलं नाही तर निवाडा दरबारच्या ज्योतिष खात्याने करायचा." अठ्ठेचाळीस सालचा करार. त्याच साली संस्थान विलीन झालं आणि ते खातंही गेलं. निवाड्याच्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव घालायला हवं होतं, ते कोणाला सुचलं नाही. म्हणजे तुला सुचलं नाही, कारण घरचा वकील म्हणून लिहिलास तूच.

तरी मी कचेरीत गेले. शिवाजीरावच तिथे कारकून आहेत. बाप रिसाल्यात घोडदळ हाकत होता, हे फायली हाकतात, असं ते स्वतःच म्हणतात. कपाटं रिकामी होती आणि जिकडे तिकडे पोती आणि सुतळी. "फाईल तर आहे, ताई," ते म्हणाले. "ज्योतिषवरून धर्मादायमध्ये गेली, तिथून शिक्षणमध्ये आली. पण तिच्यावर सही करणारा साहेबच राहिला नाही. नोव्हेंबरात नवा प्रांत बनणार, सगळं भोपाळला जाऊन राहिलंय. मी पण जाणार. तिथे ही कोणाच्या टेबलवर पडेल, काय पता!" मग खाली बघून सुतळीला गाठ मारता मारता म्हणाले, "माझ्या पोरीच्या सुखाचा कागद मीच पोत्यात भरून राहिलो बघा." मला तिथेच रडू आलं आणि मी रडलेही, कचेरीत, सगळ्यांसमोर.

तू वाईट नाहीस. दरबारची नेमणूक गेली, नाना रिकामे बसले, तेव्हा तू धावपळ करून कंपनी गाठलीस म्हणून पंचांग वाचलं. ते मी विसरलेले नाही आणि नानाही विसरलेले नाहीत. पण कंपनीने तुला व्यवस्थापक केलं तेव्हा ते एकच म्हणाले होते, "भालू, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस कसा उभा राहील?" तू चिडून सामान बांधलंस. अमावास्या होती. त्या संतापातसुद्धा नाना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आज नको, उद्याचा दिवस चांगला आहे, उद्या जा." तू गेलास. दिवस न बघता ह्या घराचा उंबरा त्यांनी तोवर कोणाला ओलांडू दिला नव्हता. अजूनही अमावास्या आली की संध्याकाळी ते दाराशी खुर्ची टाकून बसतात. हवा येते म्हणतात.

तुझी
विमलताई


ग्वाल्हेर, २२ ऑगस्ट १९५६

चि. भालू,

राखी पोचली असेल. तू पाठवलेली साडी पोचली. मला मोरपंखी रंग आवडतो हे तुझ्या लक्षात आहे, बरं वाटलं. सुमंगल भांडाराची चिठ्ठी काढायला मात्र विसरलास. नेसले नाही आणि परतही पाठवत नाही. ट्रंकेत ठेवली आहे.

नाना उज्जैनला जाऊन आले. बसला ना धक्का? मलाही बसला. एका सकाळी म्हणाले, "शिवाजीरावांना विचार, गाडी किती वाजता आहे." दरबारात जाताना घालायचे ती पगडी काढायला लावली. तिला कसर लागली होती, मी उन्हात धरून झटकली. तिथे जाऊन काय बोलणार ते मला सांगितलं नाही, शिवाजीरावांनाही नाही. मी आणि शिवाजीराव दोन बाजूंना, मध्ये नाना, असे आम्ही त्या घराचा जिना चढलो.

सासूबाई करारी बाई आहेत. भटजींना बोलावून ठेवलं होतं, त्यांच्या मांडीवर ते दुसरं पंचांग. चहा झाला. मग नाना म्हणाले, "ज्येष्ठ द्वादशीचा मुहूर्त माझा आहे. मी दिलेला. शुक्राचा दोष मला माहीत होता. त्याची शांत मी माझ्या घरी केली आहे. मुलीला काही लागणार नाही."

भटजींनी पान उघडून बोट ठेवलं. "पण शास्त्रीबुवा, ह्यात तर..."

"त्यात त्यांचं मत, माझ्यात माझं. चूक असेल तर ती माझ्या माथी. पोरीच्या नाही."

भटजींनी पंचांग मिटलं. नानाशास्त्री स्वतः घरी येऊन सांगतात म्हटल्यावर काय बोलणार? सासूबाई उठल्या, नानांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "गोकुळाष्टमी झाली की मुलगा न्यायला येईल." जावई दाराआड उभा होता. एवढा मोठा बाप्या, पण तोंड लपवून हसत होता. मला तो मुलगा फार आवडला.

शिवाजीराव गाडीत नानांचे हात हातात धरून बसले होते. मधूनच डोळे पुसत होते. नाना डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, थकले असतील.

घरी आल्यावर हातपाय धुतले आणि गणिताची पाटी मला दिली. "विमल, ही आता माळ्यावर ठेव. खोटं बोललेल्या माणसाने आकाशाचं काही सांगू नये."

मी खूप वाद घातला. म्हटलं, मुलीसाठी बोललात, त्यात पाप कसलं? "पाप नाही," म्हणाले. "उद्या वेळ आली तर पुन्हा बोलेन. पण लोक माझ्या शब्दावर पोरी देतात. तो शब्द मी एकदा वाकवला. आता मला कळणार नाही, दुसऱ्यांदा कधी वाकेल ते." पाटी मी माळ्यावर ठेवली नाही, माझ्या पलंगाखाली ठेवली.

ते आता काही करत नाहीत. पहाटे उठून गच्चीवर जातात, पूर्वेकडे तोंड करून बसतात. शुक्र आता पहाटे दिसतो, चांगला ठसठशीत. मी एकदा म्हटलं, "नाना, दिसतोय हं." तर "मला कशाला सांगतेस?" म्हणाले. भालू, मला फार वाईट वाटतं. तुझ्यावर रागवायचंसुद्धा सुचत नाही. पुढच्या वर्षीची पानं आम्ही आग्र्याला जाण्याआधीच तुमच्याकडे पाठवली होती. तेवढीच त्यांची शेवटची.

तुझी
विमलताई


ग्वाल्हेर, १६ ऑक्टोबर १९५६

चि. भालू,

दसऱ्याचं सोनं पाठवते आहे. पोचेपर्यंत पानं वाळतील, तरी घे. नानांनी मला सोनं दिलं आणि विचारलं, "त्याचं पान वेगळं ठेवलंस का?" मी दर वर्षी ठेवते, ते त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

कुमुदचं कार्ड आलं. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि चुका दोन्हीत. सासूबाईंनी तिला शेव पाडायला शिकवली आणि ती जळली तरी रागावल्या नाहीत, म्हणून लिहिते. नानांना तीनदा वाचून दाखवलं.

आता मला जे मागायचं आहे ते मागते. आडवळणाने लिहायचा प्रयत्न केला, दोन कागद फाडले.

पुढच्या वर्षीचा शुक्र मला पाठ आहे. पानं मीच लिहिली, नानांनी सांगितली. फाल्गुनात पूर्वेला बुडणार, तो चैत्रभर नाही आणि वैशाख जवळजवळ सगळा नाही. म्हणजे भर लग्नसराईत नानांच्या पंचांगात लग्नाला तारीखच नाही. शेठजींनी हिशेब मांडलाच असेल. बाड्यावरच्या दुकानात आत्ताच नव्या शालूंचे गठ्ठे उतरलेत, मी येताजाता बघते. ज्येष्ठातले चार-सहा दिवस त्यांनी सोडले नाहीत, ते आख्खी लग्नसराई सोडतील? ह्या महिन्यात तुझ्यापुढे तपासायला मुद्रितं येतील. त्यात कुमुदसारख्या किती पोरी असतील, तूच मोज.

लोकही कुरकुर करतील, हे मला कळतं. मुली घरात थांबतील, आया रडतील. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी खुशाल करावीत लग्नं, गौण मुहूर्तावर करावीत, मुहूर्त न बघता करावीत. माझं तर कुठल्याच मुहूर्तावर झालं नाही आणि मी काही वाळून गेले नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला नानांचा शब्द हवा त्याला नानांचाच मिळावा, शेठजींचा नको.

नानांची माफी माग, असं मी म्हणत नाही. घरी ये, असंही म्हणत नाही. तुझ्यापुढे येईल ते आमच्या पानांसारखं नसेल तर त्यावर सही करू नकोस. बाकी सगळं त्या करारातून गेलंय रे. दरबार गेला, खातं गेलं, फाईल पोत्यात गेली. आता त्यात जिवंत काय उरलंय, तर तुझी सही.

ह्याची किंमत मला माहीत आहे. नोकरी जाईल, कंपनीचं घर जाईल, सुधाची शाळा मध्येच सुटेल. वनमाला मला काय म्हणेल? हे लिहिताना मला लाज वाटते आहे, कारण गमावणार तू आणि मागणारी मी. माझी शाळेची नोकरी कुठे जात नाही. तरी मागते. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. तुला मी वाढवलं, पण त्याचं तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आजही ते मध्ये आणत नाही. तुला गच्चीवर 'बुडाला' म्हणता यायचं म्हणून मागते. बुडालेला नसताना तू कधी बुडाला म्हणाला नाहीस, आणि थंडीत कुडकुडत होतास, खाली जायची घाई असायची, तरी नाही.

गेल्या वर्षी तू न वाचताच सही केली असशील, असं मी स्वतःला सांगत असते. तसं नसेल तर मला कळवू नकोस.

तुझी
विमलताई


ग्वाल्हेर, भाऊबीज
४ नोव्हेंबर १९५६

माझ्या भालू,

पार्सल बुधवारी आलं. मी दार लावून उघडलं.

चैत्र-वैशाखाच्या पानांवर कंपनीने घातलेली प्रत्येक तारीख तू लाल शाईने खोडली आहेस. इतकी दाबून, की मागच्या पानावर उमटली आहे. 'तपासून मंजूर'खाली काही नाही. खाली तुझ्या नोटिशीची नक्कल, इंदूरच्या वर्तमानपत्रात तू दिलेल्या जाहीर निवेदनाचं कात्रण, आणि राजीनाम्याची तारीख सांगणाऱ्या दोन ओळी. घर पंधरा तारखेपर्यंत सोडायचंय, हे वनमालाच्या अक्षरात. 'ताई, काळजी करू नका, मीच ह्यांना म्हटलं,' असं तिने खाली लिहिलंय. त्या पोरीला मी ओळखलंच नव्हतं. तिला सांग, मी तिची ऋणी आहे.

नोटीस दिनकररावांना दाखवली. "चला, भालूने भालूला नाही, शेठजींना दिली!" म्हणून टेबलावर थाप मारली त्यांनी. मग म्हणाले, "तरी शेठजी छापतील, विमलताई. दुसऱ्या कोणाची सही घेतील. अडवणार कोण? भोपाळला कपाटं लागेपर्यंत पाडवा येईल." शिवाजीराव गुरुवारी गेले. जाताना म्हणाले, फाईल आपल्याच गठ्ठ्यात बांधली आहे, पहिली तीच सोडणार. बघू. छापलं तरी निदान नानांचा मुलगा जाहीर म्हणालाय की हे आमचं नव्हे, आणि ते आधी म्हणालाय, मुली द्यायच्या आधी. ह्या खेपेला नानांना कोणासाठी खोटं बोलावं लागणार नाही.

हे सगळं कळूनही नानांना सांगायचा धीर मला होत नव्हता. मुलाचं घर गेलं, हे कोणत्या तोंडाने सांगू? दिवाळी तशीच गेली.

आज संध्याकाळी ओवाळणीचं ताट केलं. तू गेल्यापासून दर भाऊबीजेला मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. भाऊ जवळ नसला की असं करतात. नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "यंदाही चंद्रालाच का?"

मग मी ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "ती पानं दे." मी मांडीवर ठेवली. "सही कुठे असते?" मी त्यांचं बोट धरून त्या जागी ठेवलं.

"काय आहे इथे?"

"काही नाही, नाना. कोरं आहे."

"नीट बघ."

"नीट बघितलं. कोरं आहे."

बोट बराच वेळ तिथेच होतं. मग चेहरा पंच्याने पुसला, पुन्हा पुसला. म्हणाले, "लहानपणीही असंच करायचा. शंका असली की बोलायचाच नाही." नंतर सुधा केवढी झाली ते विचारलं, इंदूरला थंडी पडली का ते विचारलं. आणि मग, "पाटी कुठे ठेवलीस?"

मी पलंगाखालून काढून दिली. माळ्यावर का नाही, असं विचारलं नाही. "फाल्गुनात शुक्र बुडेल," म्हणाले. "गणिताने दिवस काढू, पण बघायला डोळे हवेत. तू तर चष्मेवाली." मग पाटीवरून हात फिरवत, "त्याची पोर डोळ्यांनी कशी आहे?"

मोरपंखी साडी ट्रंकेतून काढली आहे. दुकानाची चिठ्ठी फाडून चुलीत टाकली. तू येशील त्या दिवशी नेसेन. मधली खोली उद्या झाडून घेते. इथे वकिली कर, शिकवण्या कर, दिनकरराव एका मदतनिसाच्या शोधात आहेतच. सुधाला माझ्याच शाळेत घालू. वनमालाला म्हणावं, स्वयंपाकघर अर्धं तुझं, मी भांडेन पण देईन.

आणि शेवटची गोष्ट. नाना विचारतील म्हणून मी आधीच पानं उघडली होती. म्हटलं, "नाना, सप्तमीचा दिवस प्रवासाला चांगला दिसतोय. सप्तमीला निघा म्हणून लिहू का त्याला?"

"दिवसबिवस काही बघू नको," नाना म्हणाले. "मिळेल त्या गाडीने ये म्हणावं."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाले.

तुझी वाट बघणारी
विमलताई